कटोरीची शिवण

सुपा, ता. ४ ऑगस्ट २०२५

ती. आईस राजेश्वरीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र बघून हसशील, मोबाईल असताना हिला हे काय सुचलं म्हणून. पण तुझा फोन अंगदच्या खिशात, आणि आमचा बंधुराज स्पीकर लावल्याशिवाय बोलत नाही. ही गोष्ट त्याच्या कानावर नको.

आई, मी छातीचं ऑपरेशन करून घेणार आहे. चार वर्षांची असताना चुलीवरचं आंघोळीचं पाणी अंगावर सांडलं आणि डावी बाजू भाजली, ती पुढे वाढलीच नाही. नगरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत पिशवी बसवून उभारी आणता येईल. श्रीगोंद्याचं स्थळ मोडलं म्हणून करतेय असं समजू नकोस. त्याला मी खरं सांगितलं, तो गेला, गेला तर गेला. पण कंपनीत सगळ्या पोरी एका खोलीत युनिफॉर्म बदलतात आणि मी पाच वर्षं संडासात बदलते. त्याचा कंटाळा आलाय गं.

आता तुझ्या कामाचा प्रश्न. पिशवी घालायला चीर कुठे घ्यायची ते मला ठरवायला सांगितलंय: काखेत, स्तनाच्या खालच्या घडीत, की बोंडाभोवती. तीस वर्षं सोनईच्या बायकांचे ब्लाउज शिवतेस, शिवण कुठे लपते हे तुझ्याइतकं कुणाला कळणार?

बाईंनी एक विचारलं. भाजलेली कातडी बाराव्या वर्षाच्या आसपास सैल करून घेतली असती तर ही बाजूही वाढली असती, कुणी सांगितलं नव्हतं का? मी म्हटलं, माझ्या आईला कळलं असतं तर तिने मला पाठुंगळी घेऊन चालत नगरला आणलं असतं.

लवकर लिही. तुझ्या शब्दासाठी अडून आहे.

तुझी राजी


सोनई, ता. ९ ऑगस्ट

चि. राजीस आईचे अनेक आशीर्वाद.

आमी समदी खुशाल हावोत. संडासातलं वाचलं आन कात्री खाली ठेवली. कधी बोलली न्हाईस ती.

कंपनीत दिसभर माल तपासतीस आन शिवन मला इचारतीस व्हय? तर ऐक. काखेत नको. ब्लाउज पयला काखेतच उसवतो, हात सारखा वर-खाली. बोंडाभोवती तर नकोच, उद्या लेकरू पाजायचंय तुला. खालच्या घडीत घे. कटोरीची शिवन आपन तिथंच घालतो. समदा भार ती पेलती आन कुनाच्या नजरंला पडत न्हाई.

डॉक्टर लोक काय बी इचारत्यात, मनावर घ्यायचं न्हाई. जेवत जा.

माया हायच, ती लिवून काय दाखवू.

तुझी आई लंकाबाई


सोनई, ता. १४ ऑगस्ट

चि. राजीस आशीर्वाद.

तुझं उत्तर यायच्या आदीच लिवते. चार दिस मशीनवर बसते आन उठते. लंकाबाईच्या हातून एक बाही उलटी लागली काल, कधी न्हाई ती.

राजी, मला सांगितलं हुतं. तू अकरा वर्साची हुतीस. गावात शिबिराला आलेला नगरचा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हनला, फुडल्या वर्सी पोरीला नगरला आना, कातडी मोकळी करू, मंजी वाढंल. चिठ्ठी बी दिली. ती मी मशीनच्या खनात टाकली, अजून तिथंच हाय.

पुरुष डॉक्टर, वयात येनारी पोर. गावात बोभाटा झाला तर हिला कोन करून घेनार, आसं वाटलं. आन खरं सांगू? हाताचा गर्व हुता. म्हनलं, मी टेलर हाय, डाव्या कटोरीत कापूस आसा बसवीन की देवाला बी कळायचं न्हाई. पंधरा वर्सं बसवला. कुनाला कळलं न्हाई. तुला रोज कळत हुतं.

मी तुला पाठुंगळी घेतलं न्हाई गं. यष्टी हुती दारावरनं, तरी न्हाई नेलं.

काय बी बोल मला, शिव्या दे, पर गप राहू नको.

आई


सुपा, ता. ६ सप्टेंबर

ती. आईस नमस्कार.

तीन आठवडे लिहिलं नाही. दोनदा लिहून फाडलं. तुझ्यावर ओरडायला सोनईला निघाले होते, स्टँडवरून परत फिरले. तू रडली असतीस आणि मलाच तुझे डोळे पुसावे लागले असते.

श्रीगोंद्याचा गेला तेव्हा इतकं लागलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंसमोर मी किती ठामपणे तुझ्या बाजूने बोलले होते, ते आठवलं की मान खाली जाते.

ऑपरेशन पंधरा तारखेला आहे. चीर खालच्या घडीतच. बाईंनी विचारलं, कुणी सुचवलं? आमच्या टेलरने, असं तोंडातून निघालं. आई म्हणायला जीभ वळली नाही. तू येऊ नकोस. कंपनीतली मैत्रीण पंकजा सोबत राहील.

बरी झाले की मीच येईन. मी वयात आल्यापासून तू मला कधी टेप लावला नाहीस, नजरेनेच माप घेत आलीस. मला वाटायचं, आईची नजर केवढी तयार! आता कळतंय, तुला तिथे हात लावायची भीती होती. या वेळी टेप लाव. बाई म्हणाल्या, कातडी जून झालीय, दोन्ही बाजू अगदी सारख्या व्हायच्या नाहीत. बोटभर फरक राहील.

राहू दे. तेवढ्यासाठी कापूस घालू नकोस.

लोभ असावा असं लिहीत नाही. तो तुटत नाही, हाच तर त्रास आहे.

तुझी राजी