अकोटचा कान

३ एप्रिल, राजापेठ, अमरावती

प्रथम वस्तुस्थिती, घडली त्या क्रमाने. काल दुपारी मी पुण्याहून अमरावतीस पोहोचले. आज सकाळी ‘नवलाई’ या संकेतस्थळाच्या संपादकपदाची सूत्रे हाती घेतली. कला, रचना, विज्ञान आणि निसर्ग यांतले एकेक विलक्षण काही शोधून रोज मराठी वाचकांपुढे ठेवावे, हे या संस्थेचे काम. मालक कमलाकांत पाध्ये. पिढीजात वकिलांच्या घरातले, वकिली सोडून यात पडलेले. रचनाशास्त्रातील डॉक्टरेट आणि इतक्या वर्षांचे अध्यापन यांचा खरा उपयोग करू देणारे काम मला प्रथमच मिळत आहे, हे लिहिताना आनंद होतो.

कार्यालय एका शिकवणीवर्गाच्या डोक्यावर आहे. खाली मुलांचा आणि दुचाक्यांचा अखंड कल्ला. तोही आज सुसह्य वाटला. राहण्याची जागा दोन गल्ल्या सोडून, पार्बताबाई नावाच्या विधवा बाईंच्या घराची वरची खोली. खिडकीत कूलर, त्याला नवा वाळा. संध्याकाळी बाईंनी पातोडीची भाजी पाठवली आणि एवढी शिकलेली बाई इतकी वाळकी काहून, असे जिन्यातूनच ओरडून विचारले. मला हसू आले.

७ एप्रिल

हसू संपले. गेल्या वर्षभरातले लेख वाचून काढले. सूर्यफुलाच्या बियांचे छायाचित्र कमळाचे म्हणून दिले आहे. शंखाच्या वळणाविषयीच्या लेखात वळणच उलटे. ज्याने त्याने उचलले, चिकटवले आणि पुढे पाठवले.

यातला सर्वाधिक पाहिला गेलेला प्रकार म्हणजे ‘अकोटचा कान’. अकोटला कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये कुंभारमाशीने भिंतीवर मातीचे घर बांधले आहे आणि ते हुबेहूब माणसाच्या कानासारखे दिसते, असा दावा. छायाचित्रकार संघपाल तिथलाच. ‘हुबेहूब’ या शब्दाचा अर्थ या कार्यालयात कोणास ठाऊक नाही. त्या कानाची आतली घडी चुकलेली, पाळी खाली ओघळलेली, कड मध्येच तुटलेली. कलाशाळेतल्या पहिल्या वर्षाच्या मुलाला याहून बरा कान वळता येईल.

मी आजपासून नवा नियम केला आहे. प्रत्येक लेखाखाली ‘दोषनोंद’ येईल: छायाचित्रावर लाल रेघ, शेजारी चूक काय आणि हवे काय. सुरुवात या कानापासूनच केली.

११ एप्रिल

संघपालने नवे छायाचित्र आणले. आतली घडी आता बरोबर आहे. पाळीही.

हा निर्लज्जपणा आहे. मी त्याला सर्वांसमोर विचारले की माती कोणी लिंपली. तो म्हणाला, मॅडम, मी काहून लिंपू, मले येत असतं तर मी गणपतीचा कारखाना नसता का टाकला? सगळे खो-खो हसले. मी हसले नाही. मग त्याने चलतचित्र दाखवले. माशी येते, तोंडातला चिखलाचा गोळा कडेला लावते, मिशांनी चाचपते, जाते. जिथे माझी लाल रेघ होती, नेमके तिथेच.

चौकशीत कळले, ‘नवलाई’चा एक जुना प्रघात आहे: लेखावरची प्रत्येक टिप्पणी त्या वस्तूसमोर उभे राहून मोठ्याने वाचायची आणि त्याचे चित्रण करायचे. वाचकांना ते आवडते म्हणे. म्हणजे माझी दोषनोंद संघपालने त्या कानासमोर, शब्दन् शब्द, वाचली होती.

कान ऐकतो, असे म्हणण्याइतकी मी खुळी नाही.

१२ एप्रिल

तरीही चूक ती चूक. त्या कानाला नमुनाच नाही. कोणाचाच नसलेला कान कधी बरोबर होत नसतो. म्हणून आजच्या दोषनोंदीसोबत मी माझ्या स्वतःच्या उजव्या कानाचे छायाचित्र दिले आणि कान असा असतो, एवढेच लिहिले. कमलाकांतजी खूश. मॅडम, असा जिवंतपणा पाहिजे, म्हणाले.

१८ एप्रिल

अकोटचा कान आता माझा कान आहे; नोंद वाचताना संघपालने माझे छायाचित्रही त्याच्यासमोर धरले होते. वरच्या कडेला माझ्या जन्मापासूनची बारीक खाच आहे, तीही त्यात आहे. वाचक वेडे झाले आहेत.

माझ्या खोलीतही कूलरच्या पाझराशी एक कुंभारमाशी ओला चिखल गोळा करताना दिसली. मी पट्टी उचलली तर पार्बताबाई धावत वर आल्या. कुंभारणीले मारू नोका, बाई, तिनं घरटं धरलं की कोणाच्या तरी घरी पाळणा हालते. माझ्याकडे आपादमस्तक पाहून त्यांनीच पुढे जोडले, तुमच्याकडचा काही भरोसा दिसत नाई म्हणा, पण कोणाचा ना कोणाचा हालते. मी त्यांना सांगितले की कुंभारीण त्या मडक्यात कोळी भरते. नांगी मारून लुळा केलेला, पण जिवंत. त्यावर अंडे घालते आणि तोंड लिंपते, पिल्लाला ताजे अन्न मिळावे म्हणून. पाळणा नव्हे, कोठार असते ते. बाई म्हणाल्या, शिकून शिकून माणूस किती वंगाळ बोलते.

सकाळपासून उजव्या कानाला दडा बसला आहे.

२१ एप्रिल

कानाच्या डॉक्टरांकडे गेले. मळ नाही, सूज नाही, पडदा शाबूत. यंत्र मात्र सांगते की उजव्या कानाला काहीही ऐकू येत नाही. मी विचारले, मग कारण? तरुण डॉक्टर खांदे उडवून म्हणाला, ऊन फार हाय ना मॅडम. यालाही पदवी दिली आहे कोणीतरी.

२२ एप्रिल

ऐकू येत नाही, हे खरे नाही. त्या कानात पारवे घुमतात. पत्रा तापून तडतडतो. आज दुपारी, मी जेवत असताना, त्याच कानात संघपालचा आवाज स्पष्ट आला: “हा आमच्या मॅडमचा कान हाय, बरं का. जपून बोला, आयकून पगार कापतीन.” त्यावर बऱ्याच लोकांचे हसणे.

मी लगेच फोन लावला. असे बोललास का, विचारले. तो हळूच म्हणाला, मॅडम, तुमाले कोणी सांगतलं? मी शेडमधी हाओ, अकोटले.

माझा राग थंड पडला, हे मी प्रथमच लिहिते आहे. पण तो उद्यापर्यंत परत आणीन.

२३ एप्रिल

दर्यापूरमार्गे एस.टी.ने अकोटला गेले. शेडबाहेर रसवंती लागली आहे, चपलांचा ढीग आहे. जत्राच. संघपाल मला आत घेऊन गेला. मी चालू लागले आणि माझ्याच पावलांचा आवाज मला समोरून येताना ऐकू आला. जवळ, आणखी जवळ.

खडा उचलून तो कान फोडायचा, हे ठरवूनच गेले होते. संघपालने हात धरला. अगोदर हळूच पाहा, मॅडम, म्हणाला. मी नखाने पाळी खरवडली. माती सांडली नाही. माझ्या खांद्यावर रक्त पडले.

आणि कानापाशी ते थांबलेले नाही. बघे भिंतीकडे बोट दाखवून ‘गाल कुठं हाय?’ विचारतात, आणि गालाची रेघ सुरू झाली आहे.

संघपालने आईची शपथ घेऊन सांगितले की तो आता तिथे काही वाचणार नाही.

२५ एप्रिल

स्थिती स्पष्ट आहे. फोडता येत नाही. फक्त थांबवता येते. कुंभारीण तेवढेच बांधते, जेवढे कोणीतरी तिथे उभे राहून ‘चूक’ म्हणून दाखवते. म्हणजे दाखवणे थांबले पाहिजे.

मी कमलाकांतजींना लेख काढण्यास सांगितले. त्यांनी लेख काढला नाही. ‘चूक शोधा’ स्पर्धा जाहीर केली, नमुना म्हणून माझे समोरून काढलेले छायाचित्र लावले, मला न विचारता. ते नोकरीच्या अर्जावरचे होते! संघपाल नाही म्हणतो तर दुसरा वाचणारा ठेवला. मी ओरडले. ते म्हणाले, “लोकं तुमच्याच शिस्तीनं चालून राहिले ना मॅडम, आता चिडता काहून?”

त्या माणसाने आयुष्यात एकदाच अचूक उत्तर दिले.

२७ एप्रिल

दिवसभर आवाज. नाकपुडी मोठी झाली. भुवई जाड कर. हनुवटी अशी नाही बे, फोटो पाहा नीट. बाया, पोरे, म्हातारे. सर्वांना माझा चेहरा माहीत आहे. निम्म्या सूचना चुकीच्या आहेत! डाव्या भुवईबद्दल जे सांगतात ते सपशेल चूक, आणि मला इथून दुरुस्त करता येत —

काय लिहिते आहे मी.

२८ एप्रिल

वास येत नाही. पार्बताबाईंनी आंब्याचे पन्हे आणले, वाळा भिजवला, काहीच नाही. येतो तो एकच — ओल्या मातीचा, आणि गर्दीच्या घामाचा.

नाक जमले म्हणे त्यांना. टाळ्या.

२९ एप्रिल

उजवा डोळा उघडते तेव्हा शेड दिसते. बंद केला तरी दिसते. मातीला पापणी मिटता येत नाही. भिंतीच्या उंचीवरून मोबाइलच मोबाइल. डाव्या डोळ्याने ही वही.

संघपाल शेडच्या दाराशी भांडतो आहे. बाईले दुखून राहिलं तिकडं, समजत नाई का तुमाले — त्याला ढकलून बाहेर काढले. डावा कानही गेला. पार्बताबाई समोर बसून काही बोलतात, हात जोडतात. ऐकू येत नाही.

कुंभारीण आली. यावेळी गोळा नव्हता तोंडात. पायांत कोळी होता. पाय हलत होते त्याचे.

३० एप्रिल

ओठ लिंपण्याआधी तिने आत काही ठेवले. जिभेखाली. मी पाहिले — अगदी जवळून पाहिले — गिळता येत नाही, थुंकता —

पार्बताबाईंना हाक मारली. इथे ओठ हललेच नाहीत. तिकडे कोणी किंचाळले, बोलली! बोलली रे! — आणि मग पुन्हा बोल, पुन्हा बोल —

मी नमुना नाही. मी कोठार आहे.

१ मे

कमलाकांत पाध्ये यांस. हे पान पार्बताबाई आणून देतील.

मागणी एकच आहे. लेख आज काढा. माझे छायाचित्र काढा. शेडचे दार लावा आणि तिथे कोणालाही, एक शब्दही, बोलू देऊ नका. डावा डोळा अजून झालेला नाही — तिथे नुसता खड्डा आहे — कोणी दाखवला नाही तर तो तसाच राहील, मग माझा मला राहील. बाकी सर्व गेले तरी चालेल. हे मी विनवणी म्हणून लिहीत नाही. तुम्ही वकील आहात, कशाला काय म्हणतात ते तुम्हांला कळते.

येऊन बोलू नका. अमरावतीत बोललेले मला ऐकू येत नाही. तोंडी आश्वासन मी मान्य करणार नाही. उत्तर लेखी हवे, सहीसह, आजच — ही नजर आहे तोवर वाचता —

एक बाई पुढे आली आहे. कडेवर मूल. ती बोट उचलते आहे. नको — ती म्हणते, अन् हा डोळा काहून सोड —

लेखी द्या — लेखी — मोठ्या अक्षरांत —