उत्तरेची भिंत गार लागते

मी, कुमारी राजमती जिनदत्त मगदूम, वय वर्षे अडुसष्ट, कायमची राहणार सांगली, सध्या मुक्काम आटपाडी, बांधकाम साहित्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त, हे शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. काल इथल्या डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. उलट लिहू नये म्हणून माझा भाचा चि. भरतेश याचे तीन फोन येऊन गेले. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी सगळे त्याच्याच नावे केले होते. ते आजपासून रद्द समजावे.

कलम १. सांगलीतील माझे राहते घर विकून त्यातून आटपाडीच्या मुलींच्या वसतिगृहाची नवी इमारत बांधावी. तोपर्यंत वसतिगृहाच्या वरच्या अंगाला, माळावर, पत्र्याची शेड उभारावी. त्यासाठी माझ्या मरणाची वाट बघत बसू नये. माझी विद्यार्थिनी ब्राह्मी नांद्रे हिला मी आजच मुखत्यारपत्र दिले आहे. माझ्या ठेवी मोडून तिने उद्यापासून काम धरावे. मी तीस वर्षे सभांमधून पत्र्याला शिव्या घातल्या, हे ऐकणारे पुष्कळ जण हयात आहेत. त्यांना हसायचे असेल तर त्यांनी हसावे. मुलींना उकडेल, त्या माझ्या नावाने बोटे मोडतील. मोडू देत.

कलम २. हे का, ते आता लिहिते, कारण माझे इतर कागद कोणी वाचत नाही आणि मृत्युपत्र मात्र सगळे वाचतात.

सदर वसतिगृह २००९ साली माझ्या आराखड्याने बांधले. धनगरांची कुटुंबे दिवाळीनंतर मेंढरे घेऊन पश्चिमेला उतरतात, तेव्हा शाळेत जाणाऱ्या मुलींनी राहायचे कुठे, म्हणून ही इमारत. मुरूम, साखर कारखान्याच्या भट्टीची राख आणि चुना यांची न भाजलेली, यंत्रात दाबलेली वीट मी अकरा वर्षे खपून तयार केली होती. सिमेंट अजिबात नाही. मे महिन्यात बाहेर एकेचाळीस अंश असताना आतल्या भिंतीला एकतीस अंश. लांबलांबून लोक बघायला येत. दर दिवाळीला मुली आणि स्वयंपाकीण धोंडुबाई भिंतींवर चुनामातीचा हात फिरवत, त्यातून भिंत श्वास घेई आणि पावसाळ्यात आलेली ओल आपोआप निघून जाई.

पुढे आटपाडीला कालव्याचे पाणी आले. ते यावे म्हणून इथल्या माणसांनी दोन पिढ्या वाट पाहिली, मला त्याचा आनंदच आहे. वसतिगृहाच्या मागे, उत्तरेला, माळ होता तिथे ऊस उभा राहिला आणि भिंतीला लागून पाट वाहू लागला. त्याच सुमारास पर्यावरणस्नेही इमारतींच्या एका पुरस्कारासाठी परीक्षक येणार होते. भरतेश वास्तुरचनाकार आहे आणि वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेचा अध्यक्षही. इमारत जरा नीटनेटकी दिसावी म्हणून त्याने बाहेरून सिमेंटचा गिलावा करून वर तेलकट रंग मारून घेतला. मी तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेत होते. पुरस्कार मिळाला.

कलम ३. माझा ओळंबा, पितळी लेव्हल, दोन्ही थाप्या आणि विटा दाबायचे यंत्र बिराप्पा सरगर, गवंडी, राहणार आटपाडी, यांना द्यावे.

सोबत माझ्या वतीने त्यांची माफीही मागावी. पाया भरताना बिराप्पा म्हणाले होते, "बाई, जोतं तीन फूट दगडात घ्या. पानी कवा यील, सांगता येत न्हाई." दगड लांबून ट्रकने आणावा लागला असता आणि परिषदेत वाचायच्या निबंधातला माझा आकडा बिघडला असता. कमीत कमी दगड, शून्य सिमेंट, असा तो आकडा होता. मी जोते एक फुटावर आणले. वर हसून म्हणाले, तुमच्या गावात पाणी आले की मी इथे येऊन पाय धुवीन. बिराप्पांनी दोरी एक फुटावर बांधली. सांगेन तसे काम केले, आणि चोख केले.

चौदा वर्षांनी त्यांचा फोन आला. "बाई, या आता पाय धुवायला." एवढेच बोलून त्यांनी फोन ठेवला. तो राग मी मान्य करते. या मृत्युपत्रात इतरांचे हिशेब काढते आहे, तेव्हा सगळ्यात मोठा माझा स्वतःचा आहे हे आधीच लिहिलेले बरे.

कलम ४. चाचण्यांच्या एकोणीस वह्या आणि विटेचे सर्व हक्क ब्राह्मीला. अट एकच. तीन फुटांच्या दगडी जोत्याशिवाय ही वीट कुठेही वापरू देऊ नये आणि तिच्यावर सिमेंटचा हात लावू देऊ नये. रहिमतपूरजवळ भरतेश याच नमुन्याची शाळा बांधतो आहे. पाया झाला आहे, जोते एकच फूट आहे, मी जाऊन मोजले. ब्राह्मीने ते काम थांबवावे, कोर्टात जावे लागले तरी.

अकराव्या वहीचे शेवटचे पान सर्वांना दाखवावे. भार, ऊन, फवाऱ्याचा पाऊस, सगळ्या चाचण्यांपुढे निकाल लिहिलेला आहे. शेवटची ओळ अशी: "वीट सतत पाण्यात उभी ठेवणे. गरज नाही. ठिकाण आटपाडी." खाली माझी सही आहे.

कलम ५. भिंतीचा तापमापक भरतेशला. पुरस्काराचे पितळी मानचिन्हही त्यालाच.

बाळा, हे नीट वाच. गेल्या वर्षी भिंत एकोणतीस अंशांवर आली. यंदा एप्रिलमध्ये बाहेर चाळीस असताना ती सव्वीस दाखवत होती. तू ते आकडे पडद्यावर दाखवलेस, इमारत वयाबरोबर सुधारते आहे म्हणालास, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या वर्षी मीही खूश झाले होते, खोटे कशाला बोलू. अरे, भिंत आपल्या आपण गार कशी होईल? माठ गार का असतो ते शाळेतल्या मुलांना ठाऊक असते. पाटाचे पाणी एक फुटाचे जोते ओलांडून विटेत चढते आहे. बाहेरची वाट तू बंद केलीस, म्हणून ते आतल्या अंगाने, खोलीकडे सुकते आहे. जितकी गार, तितकी ओली. आणि ओली वीट किती भार घेते ते आपल्याला माहीत नाही, कारण ती चाचणी मी केली नाही.

मी जानेवारीत लेखी कळवले. तू तपासणी करून घेतलीस. आलेल्या माणसाने बाहेरून हातोडी मारली, सिमेंट खणखणीत वाजले आणि त्याने इमारत सुस्थितीत असल्याचे लिहून दिले. तू म्हणालास, "आत्या, आता तू आराम कर. वय झालं की जिकडेतिकडे भेगा दिसायला लागतात." हे मी विसरलेले नाही. पण तुला वाईट म्हणत नाही. स्वतःच्या आकड्यावर जीव जडणे हे तू माझ्याकडूनच शिकलास.

कलम ६. आता सध्याचे सांगते. उत्तरेच्या खोलीतील भेगांवर मी काचेच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या आहेत. भिंत हलली की काच तडकते. प्रत्येक पट्टीवर तारीख आहे. जानेवारी ते एप्रिल एक तडकली. मे महिन्यात पाऊस झाला आणि चार तडकल्या. एकूण सातपैकी दोन शाबूत आहेत.

या खोलीत चौदा खाटा आहेत. शाळा सोमवारी, सोळा तारखेला उघडते. बिराप्पांची नात पल्लवी सहावीत आहे. परवा बिराप्पा इथे आले असताना तिने मेंढरांच्या तळावरून त्यांच्या फोनवर मला गाठले आणि म्हणाली, "आजी, माजी खाट भितीकडंच ठेवा. तितं लय गार लागतंय." त्या जागेसाठी मुली दरवर्षी भांडतात. बघते म्हणाले आणि फोन बिराप्पांच्या हातात दिला. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

म्हणून मी पल्लवीच्या खाटेवर माझी वळकटी टाकली आहे. मला मरायची हौस नाही. खोली कायमची बंद केल्याचा संस्थेचा ठराव ज्या दिवशी दारावर लागेल, त्या दिवशी मी सांगलीची एसटी धरीन. तोवर भिंतीकडेच झोपेन. अध्यक्षांची आत्या आत असताना तरी अध्यक्षांना झोप लागणार नाही, असा माझा अंदाज आहे.

कलम ७. भिंत माझ्यावर आली तर मला उचलण्याची घाई करू नये. आधी खालच्या तिसऱ्या थरातील वीट अखंड काढून ओल्या फडक्यात गुंडाळावी आणि ब्राह्मीकडे पोचवावी. तिने अकराव्या वहीचे शेवटचे पान उघडून "गरज नाही" हे शब्द खोडावेत आणि निकाल लिहावा. मग माझे काय करायचे ते करावे. विधी साधे असावेत, भाषणे नकोत.

कलम ८. हे कलम आधी नव्हते, साक्षीदारांना बोलावल्यानंतर घालावे लागले.

वसतिगृहाचे लिपिक श्री. ज्योतिबा मेटकरी यांनी मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. धोंडुबाई चुलीपुढून उठून आली होती, ती उभ्यानेच ऐकत होती. सहावे कलम झाल्यावर ती बाहेर गेली. मला वाटले, रागावली. ती आपली खाट ओढत घेऊन आली आणि माझ्या खाटेपलीकडे, भिंतीला अगदी चिकटवून लावली. मी तिला बजावले, दटावले, शेवटी हात जोडले. ती म्हणाली, "सोळा वर्सं पोरींना ह्या भितीकडंला मीच निजवलं, बाई. गार लागंल म्हनून मीच सांगायची. तुमी एकल्याच का म्हनून?"

तिला दोन मुलगे आहेत, चार नातवंडे आहेत. माझ्या अंदाजात ती धरलेली नव्हती. पुन्हा एकदा मी एक गोष्ट मोजायची सोडली. भरतेश, माझ्यासाठी येऊ नकोस, पण या बाईसाठी ये. आज सोमवार आहे. रविवारपर्यंत ये.

वरील मजकूर मी शुद्धीवर असताना लिहिला, वाचून घेतला, आणि दोघा साक्षीदारांनी एकमेकांसमक्ष, माझ्यासमक्ष सही केली.

सही: राजमती जिनदत्त मगदूम

साक्षीदार:
१. ज्योतिबा मेटकरी, लिपिक (सही)
२. धोंडुबाई मोटे, स्वयंपाकीण (सही. अंगठा देते म्हणाली होती, पण मुलींनी शिकवलेली सही तिने केली.)

स्थळ: मुलींचे वसतिगृह, आटपाडी, उत्तरेची खोली
दिनांक: ९ जून २०२५, दुपारी चार
बाहेर छत्तीस अंश, भिंत चोवीस. शाबूत पट्टी: एक.