उंबऱ्याबाहेरचा केर

३ मार्च

पोचलो एकदाच्या! मनिलाहून तीन तास बस, मग जीपनी, आणि शेवटचं किलोमीटरभर पायी. डोक्यावर माझं बोचकं आणि काखेत निनिंग. आठ वर्षांची घोडी झाली, तरी दम लागला की कडेवर घ्यावं लागतं. मनिलाचा धूर मागे पडला, आज मात्र दमा बिलकूल नाही. गाणी म्हणत आली माझी पोर.

घर बघून हसूच फुटलं. दारातून आत शिरावं तर थेट वरच्या मजल्यावर. ज्वालामुखीचा डोंगर फुटला त्याच्या चार वर्षांनी पावसात राखेचा चिखल वाहत आला आणि खालचा सगळा मजला गिळून गेला. आता जुन्या सज्ज्याचं दार तेच घराचं दार. खाली जाणारा जिना फळ्या ठोकून बंद केलाय.

घरधनी कुया डोमेंग, कुया म्हणजे दादा, वाळूच्या खाणीवर ट्रक चालवतात. बायको नाही. आई आहे, बासियांग, तिला सगळे आपु म्हणजे आजी म्हणतात. मी रीतीप्रमाणे म्हातारीचा हात कपाळाला लावायला वाकले, तर तिनं हात मागेच घेतला. राहिलं! कुयांनी काम सांगितलं ते दोन वाक्यांत. घरात धूळ नको, आणि बाकी काही विचारायचं नाही. वीस वर्षं हॉटेलातल्या खोल्या आवरल्यात मी, धुळीला कुठं धरायचं ते मला शिकवावं लागत नाही. महिन्याभरात घर आरशासारखं करीन. निनिंगला छाती भरून श्वास घेता आला की मी जिंकले.

५ मार्च

दोन दिवस कंबर मोडली. पण काम नीट केलं. पडदे उकळत्या पाण्यात टाकले. खिडक्यांना ओल्या चादरी बांधल्या, कारण समोरून दिवसभर वाळूचे ट्रक जातात. मग वरून खाली, आधी आढं, मग कपाटं, शेवटी जमीन. कोरड्या फडक्यानं धूळ नुसती उठून दुसरीकडे बसते, म्हणून फडकं कायम ओलं. वर्तमानपत्राचे ओले तुकडे जमिनीवर पसरून मग झाडू. शेवटी नारळाच्या सोडणाचा अर्धा तुकडा पायाखाली घेऊन फळ्या घासल्या. निनिंगसुद्धा दुसऱ्या अर्ध्यावर पाय ठेवून नाचत होती.

रस्त्याची धूळ पिवळट असते. ही करडी आहे, पिठासारखी मऊ, आणि खिडकीखाली नाही, जमिनीच्या फटींवर साचते. सकाळी पुसलं की दुपारपर्यंत पुन्हा बोटभर रेघा. मला चिडच आली. मी फटींवरून झाडू दोनदा फिरवला आणि सगळा केर दारातून बाहेर लोटला. उंबऱ्यावर कुत्रा पसरला होता, त्याच्या अंगावरून.

६ मार्च

कुत्रा मेला. सकाळी उंबऱ्याबाहेर ताठ झालेला, नाकपुड्या करड्या. कुया म्हणाले, म्हातारा होता. आपु माझ्याकडे बघत राहिली. बघ बाई, तुझे डोळे दुखतील.

१० मार्च

म्हातारी माझ्या जिवावर उठलीय. मी झाडू घेतला की लपवते. काल सुपली पाण्यात बुडवून ठेवली. मी कुयांना सांगितलं. त्यांनी आईला तोंडावर सुनावलं की पाच वर्षं झाली, आता पुरे. मला काय ते कळलं नाही.

बैठकीत एक फोटो आहे, त्यांच्या बायकोचा, देलियाचा. खाली मेणबत्ती, ती कधी विझत नाही. फोटोसमोर रिकामं लांब टेबल. त्याच्याखाली झाडायला गेले तर आपुनं काठीच आडवी घातली.

निनिंगला काल रात्री घरघर. दम्याचा पंप दोनदा मारावा लागला. हिच्यासाठी आले ना मी इथे? मग कुणाच्या बापाला भिते?

१२ मार्च

आज म्हातारी बोलली. कुया खाणीवर गेल्यावर तिनं मला समोर बसवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. चिखल आला तेव्हा देलिया खाली होती. सासूची औषधं आणायला उतरली होती. वर आली नाही. चिखल वाळून दगड झाला. खणलं तर घर पडेल म्हणून कुणी खणलं नाही. ते टेबल तिच्या पेटीसाठी मांडलं, माणसं जमली, नऊ दिवस प्रार्थना झाली, पण पेटीत ठेवायला काही नव्हतं. म्हणून मढ्याजवळचा जागर संपलाच नाही.

हे सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही. मढं घरात असताना केर काढत नाहीत. काढला तर मागोमाग घरातलं दुसरं माणूस जातं. मी हॉटेलात राहून शहाणी झालेली! मी फाडकन विचारलं, मढं आहे कुठे पण?

आपुनं माझ्या मांडीकडे बोट केलं.

"तुझ्या सुपलीत," म्हणाली. "पाच वर्षं थोडी थोडी वर येतेय माझी सून. आणि तू तिला रोज हाकलतेस."

मी उठले. वेड लागलंय म्हातारीला, दुसरं काय. तिच्यादेखत केर भरला आणि दारात गेले. ती काठी टेकत आडवी आली, उंबऱ्यात खुर्ची टाकून बसली. मी सुपली तिच्या डोक्यावरून पलीकडे झटकली. रागानं. हे लिहिताना लाज वाटतेय.

१३ मार्च

आपु गेली. दुपारी, त्याच खुर्चीत. तोंडातून राख आली. चमचाभर.

मी काही केलं नाही. म्हातारी होती. कुत्राही म्हाताराच होता.

१५ मार्च

टेबलावर आता पेटी आहे, आपुची. शेजारणी येतात, कॉफी पितात, बिस्किटं मोडतात. झाडू कुणी तरी छपरावर फेकून दिला. दोन दिवस घर झाडलेलं नाही. फटींतून ती येतेय. आता रेघा नाहीत, ढीग आहेत. टेबलाकडे जाणारे.

निनिंगचे ओठ निळसर. पंपात थोडंच औषध उरलंय. दवाखान्यात न्यायला निघाले, फाटकापाशी ट्रकची धूळ अंगावर आली आणि ती तिथेच खाली बसली. उचलून परत आणली. ओल्या चादरीखाली ठेवलीय. बाहेरही धूळ, आतही धूळ. मी काय करू?

१६ मार्च

केर काढला.

दुपारी बायका जेवायला गेल्या होत्या. हातानं काढला, पुठ्ठ्यावर घेतला. पोर श्वासासाठी खिडकीचे गज धरून उभी होती, मी बघत बसू? दारातून टाकला तेव्हा कुया बाहेर उंबऱ्याला पाठ लावून सिगारेट ओढत होते. मी पाहिलं नाही. देवाशप्पथ मी पाहिलं नाही.

निनिंग तासभर शांत झोपली.

संध्याकाळी निरोप. पेटीच्या पैशासाठी एक खेप मारायला गेले होते कुया, खाणीत ट्रक कलंडला. वाळूखाली—

१७ मार्च

कुयांचे भाऊ दोन्ही पेट्या आपल्या घरी घेऊन गेले. मला म्हणाले, तू इथून निघ. कशी निघू? तिला दहा पावलं चालवत नाही. डॉक्टर आणा म्हटलं तर उद्या बघू म्हणाले. कुणी उंबरा ओलांडून आत आलं नाही.

आता कळलं. उंबऱ्याजवळ जे असेल ते जातं. कुत्रा. आपु. कुया.

घरात आता आम्ही दोघीच.

१८ मार्च सकाळ

पंप संपला.

फळ्यांवर राख घोट्यापर्यंत. टेबलावर आडवी पसरलीय. खांदे आहेत. केस आहेत. तोंड अजून नाही. निनिंगच्या खोलीच्या फटीतून वर यायला लागलीय, तिच्या उशाशी. ती खोकली की करडं पडतं. पोरीच्या छातीत जागा करतेय ही बया.

देलिया, माझी चूक. मी हाकललं. माझं घे. तिचं नको.

दुपार

ठरलं. सगळी झाडते, एकदाच. सगळी गेली की खोली मोकळी, पोर श्वास घेईल. सोबत कोण जायचं ते मी ठरवणार. उंबऱ्यात मी उभी राहीन. निनिंगला आतल्या खोलीत ठेवलंय, दाराला बाहेरून कडी. सांगितलंय, आई हाक मारेपर्यंत उठायचं नाही. खिडकीतून शेजारणीला ओरडून सांगितलंय, तिन्हीसांजेला पोरीला घ्यायला ये.

अर्धी काढली. जड आहे. ओली माती उचलावी तशी. तिनं माझं मनगट धरल्यासारखं—

लिहितेय कारण निनिंगला कळायला हवं. आई पळाली नाही, बाळा.

ढीग उंबऱ्याशी आणलाय. मी उंबऱ्यात. एक पाय बाहेर. आता लोटते.

आतल्या खोलीची कडी वाजली.

कडी मी घातली होती. घातली होती मी—

श्वास ऐकू येतोय तिचा. साफ. घरघर नाही. माझ्या मागे, उंबऱ्यातच.

निनिंग, मागे हो. हसू नकोस. इथे उभी राहू नकोस, केर सुटलाय हातातून, मागे हो, मागे—