पोटॅशच्या गोण्यांची झूल

वडवणी,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. समाधान यास सर्जेरावनानाचा जय भीम व आशीर्वाद.

फोनवर तू हो-हो म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून मुकादमाच्या पत्त्यावर लिहितोय. इकडे सगळं खुशाल आहे, तुझी मोटारसायकल सोडून.

ऊसतोडीला जाताना तू ती माझ्या शेडात उभी केलीस, तशी कोणी म्हैससुद्धा बांधत नाही. टाकीत वाटीभर पेट्रोल, साखळी कोरडी, चाकं मातीत, आणि वरून निळी ताडपत्री जमिनीपर्यंत गच्च आवळलेली. शेजारी भगवानरावांच्या गव्हाला पाणी चालू आहे, शेडाची भिंत कंबरेपर्यंत ओली. सकाळी ताडपत्रीच्या आतून पाणी ओघळत होतं. गाडी झाकलीस की शिजत घातलीस, कळेना.

एसटीच्या आगारात तेहेतीस वर्षं मेकॅनिक होतो मी. टाकी काठोकाठ भरली, म्हणजे आतून गंजत नाही. बॅटरी काढून घरात ठेवली, साखळीला तेल दिलं, सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबली, चाकांखाली फळ्या घातल्या. पोटॅश खताच्या रिकाम्या गोण्या उसवून, सुतळीनं जोडून गाडीला झूल केली. गोणीतून हवा खेळते, हे तुला कोण सांगणार? तुझी चुलती गोण्या धुवायला निघाली होती. मी म्हटलं, गाडीला घालायच्या आहेत, नेसायच्या नाहीत.

एक एप्रिलपासून वस्त्यांवरचं दूध वडवणीला आणायचं तू कबूल करून बसलास. गाडी चालली तर बायकोच्या हातचा कोयता सुटेल. एवढं तरी डोक्यात राहू दे.

लोभ आहे म्हणूनच इतकं बोललो.

सर्जेराव

टोळीचा तळ, जि. सांगली,
९ डिसेंबर २०२४

तीर्थरूप नानांस समाधानचा सविनय जय भीम.

पत्र मिळालं. मुकादमानं ते फोडून साऱ्या टोळीला वाचून दाखवलं. आता म्हशीवरून रोज पंधरा माणसं मला हसतात. तुमच्या आगारातल्या गाड्या मग काऊन ढकलाव्या लागत होत्या, असंही त्यांनी विचारलंय. मोठ्यांचा मान म्हणून मी कोयता उचलून ऊस तोडायला गेलो.

गाडीचं केलंत, उपकार झाले. पण आम्रपाली विचारते, गोण्या धुतल्या का? तिच्या माहेरी एकदा कोयते पोटॅशच्या गोणीत गुंडाळून ठेवले होते. पंधरा दिवसांत गोणी ओलसर आणि पाती तांबडी. ते खत मिठासारखं हवेतलं पाणी ओढतं, असं तिचं म्हणणं. मालनकाकूंची जुनी सुती साडी टाका, असा तिचा निरोप आहे. तुम्ही ऐकणार नाही, हेही तिनंच सांगितलं.

काकूंना जय भीम. राग असला तरी माया असू द्या.

समाधान

वडवणी,
४ जानेवारी २०२५

चि. समाधान यास जय भीम.

कोयत्याला इंजिन असतं का, हे तुझ्या बायकोला विचार. नसेल तर तिनं ऊस तोडावा आणि मला गाड्या शिकवू नयेत. माझी स्वतःची मोटारसायकल एकवीस वर्षांची आहे, अजून तिच्यात तोंड दिसतं. कोणाचा हात लागू देत नाही, म्हणून.

इकडे तुझी चुलती तुझ्या बायकोची वकील झाली आहे. जेवायला बसलो की गोण्यांचाच विषय काढते. शेवटी मी झूल खालून शिवूनच टाकली. तू आल्यावर चार माणसांसमोर उसवू. तांबडा ठिपका निघाला तर स्वतःला मेकॅनिक म्हणवून घेणार नाही.

धुकं लई पडतंय. भिंत छातीपर्यंत ओली झाली. तुझी ताडपत्री कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकली, त्यासुद्धा आत जाईनात.

माझ्या लोभाचा अंत पाहू नये.

सर्जेराव

वडवणी,
३ मार्च २०२५

आयुष्मती आम्रपाली हिस सर्जेरावचा सप्रेम जय भीम.

हे पत्र तुला आहे. समाधानला नंतर दाखव.

चार माणसांची वाट पाहण्याचा धीर झाला नाही. काल मीच झूल उसवली. मालननं कात्री आणून दिली. गोण्या आतून ओल्या, चिकट. इंजिन एका किकला चालू झालं, टाकीही आतून स्वच्छ आहे. माझी तेहेतीस वर्षं तेवढ्यापुरतीच. चाकांच्या रिंगा, तारा, हँडल, सगळं तांबडं झालंय. साखळीची कडी वळत नाही. न शिकलेला माणूस निदान कोणाला विचारतो. मला तर न विचारता दोघींनी सांगितलं, तरी मी हसलो. असल्या शहाण्याला आगारानं इतकी वर्षं पगार कसा दिला, याचं नवल वाटतं.

एक एप्रिलला दूध माझ्या गाडीवर जाईल. कॅन अडकवायला तिला दोन्ही बाजूंनी कड्या बसवून घेतल्या आहेत. पुढच्या साली तू तोडीला जायचं नाहीस.

समाधानच्या गाडीवर आता मालनची सुती साडी आहे. रोज घासतोय, पण गंज हटत नाही. कोयत्याचा गंज तू कशानं काढतेस, ते सविस्तर लिहून कळव. सांगशील तसं करीन.

लोभ शिल्लक असेल तर ठेवावा.

तुझा चुलत सासरा,
सर्जेराव