बाबांनी दाबलं असेल

४ मार्च, मंगळवार

नवा लॅपटॉप आला. खोकं जेवणाच्या टेबलावर आहे, टेपही काढलेली नाही. बाबा दोन्ही हात पाठीमागे बांधून दारातूनच बघत होते. म्हटलं, या ना, बघा तरी! तर म्हणाले, "नको रे. मी लांबच बरा. याला तरी नीट जगू दे."

ही हसली. मीही हसलो. हसलो मी! लाज कशी वाटली नाही?

इथे तरी खरं लिहितो. जुना लॅपटॉप बाबांमुळे गेला नाही. मी घालवला. अँटिव्हायरसची मुदत संपली होती, रोज कोपऱ्यात लाल पट्टी यायची. नवा विकत घ्यायला जिवावर आलं — फुकट ते पौष्टिक! कुठल्याशा साइटवर 'पूर्ण आवृत्ती, कायमची मोफत' सापडली. फायरवॉलने अडवलं, तर मी फायरवॉलच बंद केली. विंडोजने परत विचारलं, खात्री आहे का? मी 'हो' दाबलं. दहा मिनिटांत सगळे फोटो कुलूपबंद. बाबांनी जपून ठेवलेले बुद्धिबळाचे डाव कुलूपबंद. आणि माझ्या नावाने गावभर मेल — 'ही फाइल बघा, तुमच्या कामाची आहे.'

पाणी खात्यात मला कॉम्प्युटरचे गुरुजी म्हणतात. प्रत्येक टेबलासमोर मी चिकटवलेला कागद आहे: 'फुकटचं काही उतरवू नका. शंका आली तर थांबा, विचारा.' खाली माझी सही, झोकदार.

त्या संध्याकाळी ताईचा फोन आला. स्पीकरवर होता. "अरे, काय भलतंच पाठवलंयस? तुझ्यासारख्याच्या मशीनमध्ये व्हायरस शिरतोच कसा?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबांनी कुठेतरी दाबलं असेल."

बाबा समोरच बसले होते. बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, "असेल. डाव चालू असताना मध्ये काहीतरी आलं होतं खरं."

तेव्हाच 'नाही हो बाबा' म्हणायला हवं होतं. चहा संपेपर्यंत वेळ होता.

५ मार्च, बुधवार

ऑफिसात सगळे हळहळले. "म्हातारी माणसं, त्यांना काय बोलणार!" मोठ्या साहेबांनी माझ्या सहनशीलतेचं कौतुक केलं. मी मान खाली घातली. विनय वाटला असेल त्यांना.

६ मार्च, गुरुवार

दुकानात गेलो. अँटिव्हायरसची सात खोकी एका ओळीत. प्रत्येकावर ढाल आणि प्रत्येकावर 'सर्वोत्तम'! दुकानदाराने विचारलं, "आधीच्याला काय झालं होतं?" याला तरी खरं सांगायला काय हरकत होती? ना ओळख ना पाळख. पण मी म्हणालो, "घरात वडील आहेत."

"मग प्रश्नच मिटला," तो म्हणाला. "नुसता अँटिव्हायरस पुरणार नाही साहेब. आलेली घाण तो साफ करेल. पण दारातच अडवायला फायरवॉल हवी, बाहेर काय जातंय तेही बघणारी. आणि आजोबांना वेगळं खातं काढून द्या, त्यांना काही बसवताच येणार नाही असं. लहान मुलांना देतो ना, तसं."

हेच सगळं मी दर सहा महिन्यांनी खात्यात शिकवतो. याच क्रमाने. आज पहिल्या बाकावर बसून ऐकलं, मान डोलावली, आणि लहान मुलांचं खातं आजोबांसाठी कसं काढायचं तेही लिहून घेतलं.

८ मार्च, शनिवार

आज फजिती! एकाने भागेना म्हणून मी दोन अँटिव्हायरस बसवले. एक विकतचा, एक दुसऱ्या कंपनीचा महिनाभर वापरून बघायचा. आपण काय शिकवतो ते घरी कोण पाळतो? दोघे एकमेकांनाच व्हायरस समजले. हा त्याची फाइल पकडतोय, तो याची. नवाकोरा लॅपटॉप रणगाड्यासारखा आवाज करायला लागला आणि माउस जागेवर गोठला.

ही डोकावून म्हणाली, "दोन जावांना एकाच ओट्यापाशी उभं केलंत, आणि वर घरात शांतता हवी!"

खो खो हसलो. बाबाही हसले, त्यांच्या टेबलावरून. बाबांचं टेबल म्हणजे खिडकीखालचं, उताराचं. पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केली त्यांनी. दुकान बंद करून अकरा वर्षं झाली, पण ओळखीपाळखीचे लोक अजून घड्याळं आणून देतात. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, प्रत्येक सुट्या भागावर उपडी काचेची वाटी. वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी हात कापत नाही त्यांचा.

हसणं थांबल्यावर म्हणाले, "बघ हो, मी नाही हात लावला." गमतीत म्हणाले. मला जेवण गेलं नाही.

९ मार्च, रविवार

दिवसभर तुलना. पहिला: हलका, पण जाहिराती फार. दुसरा: पकडतो चांगलं, पण मशीन जड करतो. तिसरा: दोन्ही बरं, फायरवॉल सोबत, प्रत्येक नव्या प्रोग्रामला 'याला बाहेर जाऊ देऊ का?' विचारतो. तिसरा ठरवला. बाकी सगळं काढून टाकलं, मशीन शांत झालं. विंडोजची आपली फायरवॉल होतीच, तिनेही भागलं असतं. जुन्यातही ती होतीच की. मीच तिला गप्प बसवलं होतं.

मग 'बाबा' नावाचं खातं काढलं. काही बसवायला परवानगी नाही. काही काढायला नाही. नवीन साइट उघडायला माझा पासवर्ड. त्यांना दाखवलं. त्यांनी शांतपणे बघून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मी काही बिघडवू शकणार नाही ना?"

नाही, म्हटलं.

"बरं झालं." पण खेळायला बसले नाहीत.

आणखी एक. हल्ली ते गॅस बंद केला की मला हाक मारतात. "मीच केला ना रे बंद? बघून घे." कडी लावली की पुन्हा हाक. हे आधी नव्हतं. गेल्या तीन आठवड्यांतलं आहे हे. मला तारीखसुद्धा सांगता येईल.

११ मार्च, मंगळवार

ताईचा फोन. आज स्पीकर बंद ठेवला. तिने यादीच केली आहे. एकच गोष्ट दोनदा सांगतात. चष्मा कपाळावर आणि शोधतात घरभर. (तो मीही शोधतो!) पण यादीत सगळ्यात वर — लॅपटॉप. "तिथूनच सुरुवात झाली बघ. इतकी वर्षं एवढं नाजूक काम केलेला माणूस, असं आंधळेपणाने काहीतरी दाबेल? डोक्यात काहीतरी होतंय त्यांच्या. शुक्रवारची वेळ घेतलीय डॉक्टरांची. आणि लोकांची घड्याळं घेणं बंद करायला सांग. उद्या कुणाची जुनी आठवण बिघडवून ठेवली तर?"

मी म्हणालो, बघतो.

बघतो! जीभ झडायला हवी होती.

१२ मार्च, बुधवार

सांगावं लागलंच नाही. ऑफिसातून आलो तर बाबा घड्याळं पुड्यांत बांधत होते. तीन होती. प्रत्येक पुडीवर पेन्सिलीने — 'शिंपी', 'कोपऱ्यावरच्या बाई', 'मास्तर'. मास्तरांचं घड्याळ उघडून ठेवलेलं होतं, ते तसंच परत बंद केलं होतं त्यांनी.

"का बाबा?"

"दुसऱ्याची वस्तू आहे. आपला आता भरवसा नाही." मग म्हणाले, "त्या लॅपटॉपचं मला आठवतच नाही ना, ते वाईट. चूक होते रे माणसाकडून. पण चूक केल्याचं आठवायला तर पाहिजे!"

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडलो. पन्नाशी उलटलेला माणूस! नळ सोडून! बाहेर आलो तेव्हा ते स्वतः पुड्या पोचवायला निघाले होते. मी सोबत गेलो. मास्तर म्हणाले, "अहो, मला घाई नाही, ठेवा की." बाबा म्हणाले, "मला आहे."

उद्या सांगायचं. काही झालं तरी.

१३ मार्च, गुरुवार

सांगितलं नाही. संध्याकाळभर फायरवॉलचे नियम लावत बसलो.

१४ मार्च, शुक्रवार

सांगितलं. नीट लिहून ठेवतो.

डॉक्टर तरुण, बोलायला गोड. बाबांना वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मग कागद पुढे करून म्हणाले, "आजोबा, एक घड्याळ काढा बरं. अकरा वाजून दहा मिनिटं झालेली दाखवा."

बाबांनी विचारलं, "बाहेरचं काढू की आतलं?"

डॉक्टर हसले. बाबांनी काढलं. असा गोल की भांडं ठेवून काढल्यासारखा. तास काटा अकराच्या किंचित पुढे, जिथे दहा मिनिटांनी असायला हवा तिथे. डॉक्टर म्हणाले, "वा! इतकं बरोबर अजून कुणी काढलं नाही माझ्याकडे." बाबांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला.

मग डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून जाणवतोय? ताईने सुरू केलं, "महिना झाला असेल. यांनी लॅपटॉपवर—"

"मी केलं ते," मी म्हणालो.

सगळं सांगितलं. लाल पट्टी, मोफत आवृत्ती, फायरवॉल बंद केली ते, जवळजवळ चार आठवडे गप्प बसलो ते. छातीवरचा दगड उतरेल वाटलं होतं. ताईने माझ्या पाठीवर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी! डॉक्टरांना म्हणाली, "हा असाच आहे हो, लहानपणापासून. बाबांना कुणी काही बोललं की स्वतःवर ओढून घेतो."

मी म्हटलं, ताई, अगं खरंच! तर म्हणाली, "हो रे राजा, कळतंय मला."

डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. पुढच्या तपासण्या सांगितल्या. बाबा माझ्याकडे बघत होते, एकटक. घरी येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. ते तरी मानतील. त्यांना कळलंय. रागावलेत. रागावू देत! मला हवाच आहे त्यांचा राग.

१५ मार्च, शनिवार

सकाळी बाबा खोलीत आले, दार लोटलं. "काल माझ्यासाठी डॉक्टरांपुढे खोटं बोललास. पुन्हा असं करू नकोस. मला आता आठवलंय सगळं. दुपार होती. तू इथे झोपला होतास. मध्येच ती लाल पट्टी आली, त्याने दोनदा विचारलं, आणि मी 'हो' दाबलं. मीच." किती हलकं वाटत होतं त्यांना, आठवलं म्हणून!

त्या दुपारी बाबा घरी नव्हते. केस कापायला गेले होते. ते बाहेर पडायचीच मी वाट बघत होतो.