दारातल्या माणसाचं वर्णन

बोरगाव मेघे, वर्धा
१२ जानेवारी २००९

प्रिय नलू,

उद्या मयुरी वर्ध्याला येते आहे. तिच्याबरोबर तिळगूळ आणि हा पेनड्राइव्ह पाठवते. तिळगूळ एकच खा, साखरेनं तुझे डोळे नेले तेवढं पुरे. पत्र मात्र लेकीकडून वाचून घेऊ नकोस. हेडफोन लाव आणि कॉम्प्युटरच्या तोंडून ऐक.

तुला माहीतच आहे, अंध मुलांसाठी पुस्तकं तयार करताना आम्ही प्रत्येक चित्रामागे दोन ओळी लिहितो. त्या पानावर दिसत नाहीत, मशीन तेवढ्या वाचतं. नियम एकच: दिसतं ते लिहायचं, मनातलं नाही. मयुरीच्या लग्नाचा अल्बम तुझ्यासाठी असाच केला. पहिल्यांदा ऐकून तू म्हणालीस, "रीते, तुह्या मशीनवाल्या बाबूले सर्दी झाली काय वं? पण साड्यायचे रंग बराबर सांगते!" किती हसलो आपण.

परवा मयुरीचा फोन आला. चिडली होती. "मावशी, हळदीच्या फोटोत दारात कोणीच नाई. पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ उभे आहेत, असं काऊन लिहलं तू? आई रोज तेच ऐकून राह्यली. दाराले कडी लावू देत नाई."

मग तू फोन घेतलास. "चुकलं काय वं तुहं? चुकलं असन तर खोडून टाक. पण मंग बाकीचं मी कोणाच्या भरोशावर ऐकू?"

मी तुमच्या केळझरला थंडी किती आहे ते विचारलं आणि फोन ठेवला.

फोटो पुन्हा उघडला. दार आहे, तोरण आहे. माणूस नाही.

मी लिहिलं तेव्हा होता, नलू. हळदीच्या फोटोत दारात. पुढच्या एकात मांडवाच्या खांबाशी. जेवणाच्या फोटोत तुझ्या खुर्चीमागे. दर फोटोत तुझ्याकडे थोडा सरकलेला. तेव्हा भाऊजींना जाऊन तीन वर्षं झाली होती. नाव लिहायला बोटं धजेनात, म्हणून 'गृहस्थ' लिहिलं. आता त्या सगळ्या जागा रिकाम्या आहेत.

पाठवणीचा फोटो मी अल्बममध्ये घातलाच नाही. तू विचारलंस तेव्हा "हलला आहे" म्हणाले. तो हललेला नाही. त्या गर्दीत तुला फाटकापर्यंत कुणी नेलं? तुझ्या पुतण्यानं, अनुपनं, असं तू सांगतेस. फोटोत अनुप गाडीच्या टपावर बॅगा बांधतो आहे.

हा एक फोटो आज सकाळीही तसाच होता. मयुरीला दाखवायचं धाडस मला नाही.

मी काहीही खोडणार नाही. चूक झालेली नाही. पाठवणीचं वर्णन पुढे लिहिते, या वेळी नावासकट. नको असेल तर इथेच बंद कर.

संध्याकाळ. घराचं फाटक. सगळे रडताहेत. हिरव्या शालूत नलू उभी, उजवा हात प्रभाकररावांच्या हातात. त्यांचा सदरा पांढरा. ते तिच्या कानाशी वाकून काही सांगताहेत. ती मान कलवून ऐकते आहे. काय सांगताहेत ते फोटोत दिसत नाही, म्हणून लिहीत नाही.

ते तुलाच ठाऊक.

दिसलं तेवढंच लिहिणारी,
तुझी रीता