हळू लावलेलं दार

प्रिय डॅरिल,

पत्र बघून तुला हसू येईल. फोन असताना ही ग्लेनिस कागद कशाला खरडत बसली, असं म्हणशील. पण फोनवर आपण दोघं हवामानापलीकडे जातच नाही. माझ्याकडे होबार्टला पाऊस, तुझ्याकडे बर्नीला वारा, आणि मग तुझं ठरलेलं ‘बरं, ठेवतो.’ माझं बोलणं राहूनच जातं. म्हणून हे पत्र. पूर्ण वाच. मध्येच राग आला तरी वाच.

शनिवारी वृद्धाश्रमात आईला भेटून आले. तिला खिडकीपाशी बसवलं होतं, अंगावर तो निळा स्वेटर, बटणं चुकलेली. मला तिने ओळखलं नाही. मी कुणी नर्स आहे असं समजून माझ्याकडे चहा मागितला. आणि मी कप आणून देईपर्यंत शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना सांगत होती, ‘माझा मुलगा ना, शिडीवरून पडला. फार धांदरट आहे हो.’ तुझं नाव तिला सांगता येईना, बाबांचा फोटो दाखवला तर ‘कोण हे गृहस्थ?’ म्हणाली. सगळं पुसलं गेलंय, पण ते वाक्य तेवढं जसंच्या तसं आहे. परतताना मला गाडी रस्त्याच्या कडेला थांबवावी लागली.

शिडी नव्हतीच तिथे. हे आपल्या दोघांत आजवर कधी उच्चारलं गेलेलं नाही, म्हणून आज लिहून ठेवते. इंग्लंडने आपली सफरचंदं घ्यायचं थांबवलं आणि खोऱ्यातल्या बागा उपटायला सुरुवात झाली, ते वर्ष. मी बारा वर्षांची, तू नऊ. आजोबांनी लावलेली झाडं बाबा साखळी बांधून ट्रॅक्टरने ओढून काढत होते, आणि खोडाला साखळी गुंडाळायचं काम तुझ्याकडे होतं. मुलगा ना तू. एकदा साखळी निसटली आणि सपकन ट्रॅक्टरच्या पत्र्यावर बसली. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी इंजिन बंद केलं, नळावर गेले, साबणाने हात धुतले. कोपरापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून, डॉक्टर धुतात तसे. मग रुमालाला पुसून तुझ्याकडे आले. मी पॅकिंगच्या शेडमध्ये खोक्यांवर लेबलं चिकटवत होते. तुझा आवाज आलाच नाही. हाडाचा आला.

दवाखान्यात आईने शिडीचं सांगितलं, तू मान डोलावलीस, आणि डॉक्टरांनीही डोलावली. त्यांचीही बाग होती, त्यांचीही झाडं गेली होती. आपल्या खोऱ्यात सगळ्यांना सगळं माहीत असायचं आणि कुणी कुणाला काही विचारायचं नाही. घरी येताना आई एवढंच म्हणाली, ‘बाबा थकलेत रे. त्यांना त्रास होईल असं वागू नका.’

ओरडणाऱ्या बाबांना आपण कधी घाबरलो नाही, आठवतं? ओरडले म्हणजे वादळ येऊन गेलं. भीती होती ती शांत बाबांची. पिकअप फाटकातून आत आली की खडीचा आवाज कसा येतो, इंजिन थांबल्यावर दार किती वेळाने उघडतं, हे आपण पाढ्यांसारखं पाठ केलं होतं. गाडीचं दार आपटलं तर ठीक, जेवायला बसायचं. हळू लावलं तर उठायचं, कुत्रीला घेऊन मागच्या दाराने शेडमध्ये जायचं. कुणी शिकवलं नव्हतं आपल्याला. पोरं चालायला शिकतात तसं आपण ते शिकलो.

आता डिरीनबाईंबद्दल. तू त्यांना फारसा ओळखत नव्हतास, आणि माझ्या सगळ्या सांगण्यातली कळ तिथेच आहे. ओढ्यापलीकडच्या त्या विधवा बाई, चार गायी आणि पन्नास कोंबड्या. त्यांनी एकदा आईला विचारलं, ‘तुझी पोरगी संध्याकाळी माझ्या कोंबड्यांना दाणे टाकायला येईल का? माझे गुडघे गेलेत.’ त्यांच्या गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. रोज शाळेतून मी तिकडे जायचे. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून दुधाचं भांडं पडलं. फरशीभर दूध. मी कोपऱ्यात जाऊन डोकं हातांत धरून बसले. डिरीनबाई फडकं घेऊन आल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, ‘पडलं वाटतं. मांजरीचं नशीब फळफळलं आज.’ बस, एवढंच. मग आम्ही लोणी लावलेले गरम स्कोन खाल्ले. त्या स्वयंपाकघरात कधीच काही घडायचं नाही, डॅरिल. संध्याकाळ यायची, चुलीचा धूर व्हायचा, डिरीनबाई रेडिओवर क्रिकेट ऐकत शिव्या घालायच्या. जगात असंही घर असतं हे मला रोज दोन तास दिसत होतं. तू त्या वेळी बाबांबरोबर असायचास.

मी काही धडधाकट सुटले असं समजू नकोस. आज अँब्युलन्सच्या फोनवर बसते, लोक माझ्या शांतपणाचं कौतुक करतात. ‘ग्लेनिसला नुसत्या श्वासावरून कळतं,’ म्हणतात. कळतंच. पण घरी शेजाऱ्याने कपाट बंद केलं तरी माझ्या तळहाताला घाम येतो. ब्रूससारखा भला माणूस मला सोडून गेला, कारण तो गप्प बसला की मी बॅग भरायला घ्यायचे. बिचारा कोडं सोडवत असायचा वर्तमानपत्रातलं. चाळिशीत मी डॉक्टरकडे गेले, मनाच्या डॉक्टरकडे. पहिले कित्येक महिने मी तिच्या खोलीत दाराकडे तोंड करून बसत होते. तिने कधी खुर्ची फिरवायला सांगितलं नाही. एकदा म्हणाली, ‘तुझ्या अंगाला अजून वाटतंय की तू त्या शेडमध्येच आहेस. त्याला घाई नको करूस. पण तुला दुसरंही एक घर माहीत आहे, तिथून सुरुवात करू.’ मी डिरीनबाईंचं नाव घेतलं आणि तासभर रडले. तुला नाव घ्यायला कोण आहे, हा विचार त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेला नाही.

ईस्टरला मी तुमच्याकडे आले ते उगाच आले नव्हते. तुझ्या लिआनचं फोनवरचं हसणं मला खोटं वाटत होतं. तू मात्र छान वागलास. फाटकापर्यंत मला घ्यायला आलास, भोपळा आणि मटण स्वतः भाजलंस, माझ्या गाडीचं तेल बदललंस. मी मनात म्हटलं, ग्लेनिस, तुझे कानच किडलेत, तुला सगळीकडे तेच ऐकू येतं. मग सोमवारी सुट्टी असूनही तू रस्त्याच्या कामावर गेलास. दुपारी मी आणि टेगन टेबलाशी बसून रंगीत कागदाचे ससे कापत होतो. लिआन कपडे वाळत घालत होती. खडीवर तुझी पिकअप वाजली, आणि टेगनने आणि मी एकदमच मान वर केली. एकाच क्षणी. ती माझ्याकडे बघत राहिली. मग कुजबुजली, ‘आत्या, तू पण ऐकतेस?’ मी काही बोलणार तेवढ्यात तुझ्या गाडीचं दार लागलं. टेगनने कात्री खाली ठेवली, कागदाचे कपटे मुठीत गोळा केले आणि म्हणाली, ‘हळू लावलं. म्हणजे आज बरं नाही. आपण बाहेर जाऊ या, आत्या.’ नऊ वर्षांची पोर, डॅरिल. माझा हात धरून मला मागच्या दाराने नेत होती. मी तिची आत्या, आणि ती मला सांभाळत होती.

आम्ही दाराशी पोचायच्या आत तू आत आलास, तुझ्यामागे लिआन; बाबांनी हात धुतले होते तितक्याच सावकाश तू घड्याळ काढून खिडकीत ठेवलंस. मला बघितलंस आणि परत मनगटावर बांधलंस. ‘कंटाळलो आज,’ म्हणालास. लिआन लगबगीने म्हणाली, ‘थकलाय तो.’ मी पाहुणी होते म्हणून ते घड्याळ परत हातावर गेलं, हे त्या खोलीतल्या चौघांनाही माहीत होतं.

मी तुला तेव्हाच बोलले असते. ओठांवर आलं होतं. पण मी गेल्यावर त्याची किंमत कोण मोजेल हे मला माहीत होतं, म्हणून लिआनच्या हातात माझा नंबर दिला आणि टेगनकडून तो पाठ करून घेतला.

या मंगळवारी टेगनचा फोन आला. रडका आवाज नव्हता. शाळेतलं बक्षीस सांगावं तसा आवाज. ‘आत्या, आईचं मनगट मोडलं. आम्ही दवाखान्यात गेलो होतो. बाबा बाहेर गाडीत होता. ती पायरीवरून घसरली असं मी डॉक्टरांना सांगितलं, एकदाही अडखळले नाही.’ आणि मग, ‘बाबानेच शिकवलं, पण त्याच्याही हाताला कापरं होतं.’ दिवसभरात मी कितीतरी लोकांचे फोन घेते. जळणारी घरं, बुडणारी माणसं. त्या दिवशी पहिल्यांदा मला खुर्चीतून उठता आलं नाही.

तू बाबा नाहीस. बाबांचा हात कधी कापला नाही. त्या कापऱ्यावर मी अजून विश्वास ठेवून आहे, म्हणून एवढं लिहिलं. पण टेगनला त्याच्या भरवशावर त्या घरात ठेवणार नाही.

इथवरची पानं मी होबार्टला लिहिली. हे शेवटचं तुझ्याच स्वयंपाकघरात, तुझ्या टेबलावर लिहितेय. तू शुक्रवारी संध्याकाळपर्यंत रस्त्याच्या कामाच्या छावणीवर आहेस हे लिआनने सांगितलं, म्हणून आज आले. त्या दोघी गाडीत बसल्यात, माझ्याबरोबर निघाल्यात. पोलिसांना कळवलंय. धुलाईच्या खोलीतल्या कपाटातली बंदूक मी त्यांच्या हवाली केली, ती फक्त त्या दोघींच्या काळजीने नव्हे, तुझ्याही; रिकाम्या घरात तू स्वतःला काही करून घेऊ नयेस म्हणून. आमच्या मागे येऊ नकोस. मला फोन कर, मी उचलीन, केव्हाही उचलीन. माझ्या डॉक्टरबाईंची बर्नीत एक ओळखीची डॉक्टर आहे, तिचा नंबर फ्रिजवर लावलाय. पहिल्या दिवशी मी तुझ्याबरोबर आत येईन, हवं तर दाराकडे तोंड करून आपण दोघंही बसू. निघताना टेगन पायरीवर थांबली. ‘बाबा आल्यावर घरात कुणीच नसेल तर त्याला भीती वाटेल ना?’ मी म्हटलं, हो, वाटेल. ती परत आत गेली आणि टाचा उंचावून तिने बाहेरचा दिवा लावला. भर दुपारी. मी तो मालवलेला नाही.

काही झालं तरी तुझीच,
ग्लेनिस